नऊ रांगांचा फोटो

फोटोग्राफरकाकांनी पडद्यावरच्या ओळी चौथ्यांदा मोजल्या. सहाच भरल्या.

शाळेच्या वार्षिक फोटोत छत्तीस मुलं. कोणी कुठे उभं राहायचं, ते बाईंनी यंदा प्रथमच मेलवर कळवलं होतं. एक ओळ म्हणजे एक रांग. गेल्या वर्षी एका मुलीची नुसती रिबन दिसली होती. "यंदा एक जरी चेहरा झाकला, तर दुसरा फोटोग्राफर बघू," असं बाईंनी बजावलं होतं. त्यामुळे काकांनी ठरवलं, आपली अक्कल चालवायची नाही. यादीबरहुकूम करायचं.

आता काकांचा कॉम्प्युटर जुना. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ओळ पडद्यात मावली नाही, की तो आपणहून ती तोडी आणि उरलेली नावं खाली ढकली. हे काकांच्या गावीही नव्हतं.

त्यांनी फोन लावला. "बाई, सहा रांगा जरा जास्त नाही का होत?"

"सहा कुठल्या? तीन आहेत. बाराबाराच्या."

"इथे नऊ, मग तीन, परत नऊ, परत तीन..."

"काका, चष्मा बदला. मी तीच यादी परत पाठवते."

काकांनी 'यादी मिळाली' असा मेल केला होता, त्याखाली त्यांच्या कॉम्प्युटरने तोडलेलीच यादी जोडली गेली होती. बाईंनी न बघता त्याच मेलला उत्तर म्हणून ती पाठवली. अशा उत्तरात प्रत्येक ओळीआधी एक खूण येते. खुणेने जागा खाल्ली आणि नऊ नावांच्या ओळी आणखी तुटल्या. आठ, एक, तीन. आठ, एक, तीन. आठ, एक, तीन.

"नऊ झाल्या," काका पुटपुटले. "बाईंचा विचार बदललेला दिसतोय." पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

फोटोच्या दिवशी बाई बैठकीत अडकल्या होत्या. काकांनी बाकं आणली, टेबलं आणली, बाकांवर बाकं चढवली. शिपाईमामांनी विचारलं, "फोटो काढताय की किल्ला बांधताय?"

"यादीत आहे," काका म्हणाले.

आठव्या रांगेत एकटीच मुलगी आली. रिबनवाली. मामांनी तिचं टेबल घट्ट धरून ठेवलं.

घरी नातीने यादी पाहिली, एक बटण दाबलं. नऊ ओळींच्या पुन्हा तीन झाल्या.

"आजोबा, ओळी हा तोडत होता. आता नाही तोडणार."

फोटो केव्हाच शाळेत पोचला होता. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"काका, ही कसली रचना? मला काही कळलंच नाही. पण छत्तीसच्या छत्तीस चेहरे दिसताहेत. रिबनवालीची आई दोनदा येऊन बघून गेली. पुढच्या वर्षी अशाच रांगा लावाल ना?"

"लावू की," काका म्हणाले. फोन ठेवून ते नातीकडे वळले.

"बाळा, ते बटण परत दाब बघू."