श्यामकांत सरांच्या श्राद्धाचा माका

"गुरुजी, हा माकाच ना?" दर्शनने विचारलं, आणि गद्रेगुरुजींनी खरं उत्तर देण्याची चूक केली.

"तुम्ही माका म्हणून दिलात, म्हणजे माका. मंत्र माझे, पाला यजमानांचा."

पितृपक्षाचे दिवस, म्हणजे गुरुजींना श्वास घ्यायला फुरसत नाही. डहाणूतलं हे श्राद्ध आटोपून त्यांना झाईला दुसऱ्या घरी पोचायचं होतं. दुसरं कुठलंही घर असतं तर विषय तिथेच मिटला असता. पिंडावर तुळस आणि माका वाहायचा, हात जोडायचे, कावळ्याला घास ठेवायचा आणि पानावर बसायचं. पण हे श्राद्ध श्यामकांत सरांचं होतं, आणि तेही पहिलंच.

सरांनी उभा जन्म तलासरीकडच्या एका शाळेत पोरांना झाडंझुडपं शिकवली. त्यातही त्यांचा जीव रानातल्या अ‍ॅस्टरच्या भावकीवर. माका, एकदांडी, सहदेवी, सोनकी, पिवळा भांगरा ही सगळी एकाच कुळातली. लोक खुशाल एकीला दुसरीच्या नावाने ओळखत आणि सरांच्या मस्तकात तिडीक जाई. पुतणीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, नवरीच्या हातातल्या हारात शेवंती नसून अ‍ॅस्टर आहे हे त्यांनी मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं.

अशा माणसाचा दर्शन हा एकुलता एक मुलगा, पंचायत समितीत कारकून. त्याला सरांनी जन्मात कधी 'बरोबर' म्हटलं नाही. गेल्या वर्षी हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी, त्यांना जरा बरं वाटावं म्हणून तो खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "बाबा, बघा, सहदेवी फुललीय." सरांनी डोळे उघडले, "ती सहदेवी नाही," म्हणाले आणि डोळे मिटले ते कायमचे. मग ती होती तरी काय, हे सांगायचं राहूनच गेलं. बापाचे शेवटचे शब्द लोक जपून ठेवतात. दर्शनला ते चारचौघांत सांगायचीही सोय नव्हती. वर्षभर तो आतल्या आत कुढत होता. निदान श्राद्धाचं पान तरी बरोबर असावं, बाबांनी एकदा तरी नाव न ठेवता घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"स्टेशनबाहेरून आणलाय," त्याची बायको नीलम म्हणाली. "बाई माका म्हणूनच विकत होती."

"तू कोथिंबीर मागितली असतीस तर कोथिंबीर म्हणून हेच दिलं असतं तिने. फुलं कुठायत? फुलांशिवाय ओळखायचं कसं?"

"मग मोबाईलला विचार ना!"

मोबाईलवरच्या अ‍ॅपने पहिल्या फोटोला माका म्हटलं, दुसऱ्याला एकदांडी. तिसऱ्या फोटोत नीलमचा अंगठा मध्ये आला, तेव्हा मात्र ते अगदी खात्रीने कोहळा म्हणालं.

एवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या रुपलबेन आपल्या कुंपणावरचा भाराभर पाला घेऊन आल्या. फुलं पिवळीधमक. "आ भांगरोज छे, तुमचा माका. आमच्याकडे केसांच्या तेलात हाच टाकते."

"पण माक्याची फुलं पांढरी असतात, रुपलबेन."

"तो शूं? पिवळा जास्त पावरफुल."

दर्शनने स्कूटर काढली आणि थेट वाणगावकडची भातशेतं गाठली. माका ओलीत येतो, एवढं त्याला आठवत होतं. बांधावर पांढऱ्या फुलांचं जे जे दिसलं ते उपटून तो परत आला. आता ओटीवर तीन ढीग झाले. गुरुजी घड्याळाकडे बघू लागले.

शेवटी सरांची बायको, प्रभाताई, आतून म्हणाल्या, "चुरडून बघा रे. माक्याचा रस थोड्या वेळाने काळा पडतो, असं हे सांगायचे."

झालं! घरभर चुरडाचुरडी सुरू झाली. नीलमने डाव्या तळव्यावर बाजारचा आणि उजव्यावर कुंपणाचा पाला चोळला. दर्शनने बांधावरचा घेतला. रुपलबेननी इज्जतीचा प्रश्न म्हणून तिन्ही घेतले. गुरुजींनाही राहवलं नाही. मग सगळे हात पुढे धरून मेंदी वाळवायला बसल्यासारखे बसले. समोर हार घातलेल्या फोटोतून सर बघत होते आणि मान वर करून त्यांच्याकडे बघायची कुणाचीच हिंमत नव्हती.

"काळा पडला!" गुरुजी ओरडले. खरंच पडला होता, आणि तो हात आपण घाम पुसायला कपाळावरून फिरवलाय हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

"कुठल्या ढिगातला होता, गुरुजी?"

गुरुजींनी ओटीकडे बघितलं. तीन ढीग केव्हाच एक झाले होते, आणि त्यातला बराचसा पाला लोकांच्या हातांवर होता. "मधल्या," ते म्हणाले, पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना.

"तुळशीवर भागतं हो," त्यांनी समजूत घातली. "भाव महत्त्वाचा."

"बाबांना भाव नाही चालायचा. त्यांना नाव लागतं," दर्शन म्हणाला आणि पुन्हा स्कूटरवर बसला.

या खेपेला तो एका ओहळात उतरला, पाय घसरून कमरेपर्यंत चिखलात बसला, आणि हाताशी आलेल्या एकाच झाडाचं एकच पान चोळून तळहात उन्हात धरून उभा राहिला. बांधावरून जाणाऱ्या बायांनी कुणी वेडा म्हणून रस्ता बदलला. हात काळा पडला तेव्हा त्याने झाड मुळासकट उपटलं. ते झाड त्याने देवाच्या मूर्तीसारखं छातीशी धरून घरी आणलं.

श्राद्ध यथासांग झालं. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं; वडा, खीर, भात, आणि त्यावर दर्शनने स्वतःच्या हाताने माक्याची डहाळी ठेवली. समोरच्या चिकूवर एक कावळा होताच. त्याने मान वाकडी करून पानाकडे पाहिलं. दर्शनला ती वाकडी मान फार ओळखीची वाटली. कावळा जागचा हलेना.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "बोला काही."

"बाबा, तुमची सगळी पुस्तकं जपून ठेवू आम्ही," दर्शन म्हणाला. नीलमने नजर दुसरीकडे वळवली. निम्मी पुस्तकं दिवाळीतच रद्दीत गेली होती.

"मास्तर, तमे जमी लो ने, जेवून घ्या," रुपलबेननी हात जोडले. "पिवळ्याला मी परत भांगरो नाय बोलणार."

कावळा ढिम्म. खाली जेवायची पानं मांडलेली, भात गार होत चाललेला. गुरुजी चुळबुळले. "दर्भाचा कावळा करू या. शास्त्रात सोय आहे."

"नको." दर्शन पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. "पालाच चुकलाय. याही वेळी चुकलो मी."

गुडघे धरत प्रभाताई वर आल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, चिकूकडे पाहिलं. मग पदर खोचून त्यांनी खड्या आवाजात हाक दिली, "अहो, ऐकलंत का? पोराने एकदांडी आणलीय! माका नव्हेच हा!"

कावळा एकदम किंचाळला आणि सूर मारून थेट पानावर उतरला. प्रभाताईंकडे तोंड करून तो तावातावाने काव काव करत राहिला, डहाळी चोचीने उचलून त्याने आपटली, आणि मग वडा घेऊन उडाला.

"आई! म्हणजे माकाच होता!"

"होय रे बाबा. बरोबर म्हणाले तुला."

स्मशानातसुद्धा न रडलेला दर्शन टाकीला धरून ढसाढसा रडला, आणि रडता रडता हसू लागला. काळ्या कपाळाचे गुरुजी चार घास खाऊन झाईच्या वाटेला लागले.

स्वयंपाकघरात वाढून घेताना नीलमने हळूच विचारलं, "आई, खरंच माका होता ना तो?"

"मला काय ठाऊक, बाई?" प्रभाताई म्हणाल्या. "मी सांगितलेलं एकही नाव त्यांनी कधी मान्य केलं नाही. म्हटलं, काहीतरी बोलून बघावं."

"आणि एकदांडीच असती तर?"

"तरी माका म्हणत भांडायला आलेच असते." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि खिरीचं पातेलं पुढे ओढलं. "वाढ आता. आणि हे दर्शनला बोलू नकोस."