सोवळ्यातल्या रिंगा

मोटारसायकलच्या पिस्टनवर रिंगा चढवायच्या म्हणून आंघोळ करून सोवळं नेसणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या औरंगपुऱ्यात आहे. दिगंबरकाका, आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. घराणं भिक्षुकांचं, नोकरी तहसील कचेरीत झाली, आता पेन्शन, आणि जीव सगळा एका जुन्या मोटारसायकलीत.

अंगणात पाट, पाटावर धुतलेला पंचा, त्यावर पिस्टन. मी जरा पुढं झालो की काका ओरडायचे, "शिवू नको! धुळीचा एक कण गेला तर सिलिंडरला ओरखडा पडंल. सोवळं म्हणजे दुसरं काय असतंय?"

बिडाची रिंग जास्त फाकवली की कट्कन मोडते. दोन मोडल्या. गल्ली म्हणाली, भंगारात घाला. काका ढिम्म. "रिंगेला घाई चालत नाय," हा त्यांचा मंत्र. मला लग्नाचा सल्लाही त्यांनी याच शब्दांत दिला होता.

शेवटी तिन्ही रिंगा चढल्या. काकांनी किक मारली आणि निळ्या धुरात गल्ली दिसेनाशी झाली. इंजिन पुन्हा खोललं. प्रत्येक रिंगेला एक बारीक फट असते. या फटी वेगवेगळ्या दिशांना ठेवायच्या, नाहीतर तेल वर चढून जळतं. काकांनी तिन्ही पूर्वेला केल्या होत्या! त्यांच्या घरात देव, चूल, जेवणाचा पाट, सगळं पूर्वेलाच.

"शुभकार्य हाय, म्हणून केलं," ते ओशाळून म्हणाले.

"काका, गुलमंडीतल्या मेकॅनिकला द्या की."

"नाय. मीच करणार. आमच्या हिला माझा चेहरा ओळखू येत नाय, पण या गाडीचा आवाज येईल."

मालतीकाकूंना हल्ली माणसं आठवत नाहीत. रोज संध्याकाळी त्या दारात बसून याच गाडीवरून कचेरीतून येणाऱ्या नवऱ्याची वाट बघतात. शेजारी बसलेल्या काकांनाच म्हणतात, "अहो पाहुणे, उठा आता. आमचे हे यायची वेळ झाली." काका उठतात आणि इंजिनापाशी जाऊन बसतात.

दुसऱ्या खेपेला फटी तीन दिशांना लागल्या. पूर्वेला एक ठेवलीच. या वेळी इंजिन धूर न काढता सुरू झालं. काका तसेच, सोवळ्यावरच, गुलमंडीला वळसा घालायला गेले. मी काकूंजवळ थांबलो.

कोपऱ्यावरून आवाज आला. काकू ताडकन उठल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "आले बघ! अख्ख्या औरंगपुऱ्यात असा आवाज दुसऱ्या कुणाच्या गाडीचा नाय." खरं सांगतो, अभिमानानं माझीच छाती फुगली.

काका दारात आले. सोवळ्यावर काळ्या तेलाचे डाग, मान मात्र ताठ. काकूंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"अहो, किती उशीर केलात!"

काकांनी तेलाचे हात सोवळ्याला पुसले.

"कचेरीत आज लई काम होतं गं."