कान लावून तळलेली भजी

म्हादूमामांच्या घरी भजी खायला गेलेल्या माणसाला एक गोष्ट सोसावी लागायची. तो पहिला घास चावायला लागला की मामा उठून त्याच्या गालाशी कान न्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आवाज मनाजोगता आला तर म्हणायचे, "हां, बरं हाय." नाही आला तर त्याच्या पुढची ताटलीच उचलून न्यायचे. बायकांच्या बाबतीत तेवढी मर्यादा पाळायचे. चुलीपाशी बसूनच सांगायचे, "जोरात चाव की पोरी. लाजतीस कशाला?"

ही महाराजांच्या राज्यातली गोष्ट. मी गारगोटीहून लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मामांचं घर आमच्या भिंतीला लागून होतं. नात्याचे कुणी नव्हते. सगळी गल्ली मामा म्हणायची, म्हणून मीही. सरकारी पागेत ते मोतद्दार होते. घोड्यांची वैरण, चंदी, खरारा, सगळं त्यांच्याकडे. घोडं आजारी पडणार असलं की अंग तापायच्या आधी त्याचं चावणं बदलतं, असं ते सांगायचे. "जनावर खोटं चावत न्हाई," म्हणायचे. पाहुण्यांवर त्यांचा तेवढा विश्वास नसावा.

पण मामा भजी करायचे ती पाहुण्यांसाठी नव्हे. हौसामामींसाठी. तापाची साथ आली त्यात मामी जगल्या, पण जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेलं. आधी म्हणायच्या, "सगळं माती लागतंय." मग तेही म्हणेनाशा झाल्या. भाकरी मोडून ठेवायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. बोलणं तर बंदच झालं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा कुणीतरी दिलेलं भजं त्यांनी चावलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. चव कळली नव्हती. दाताखाली काहीतरी मोडलं, तेवढं कळलं होतं. त्या दिवसापासून मामांनी कढई हातात घेतली. बाप्या माणसाने चुलीपाशी बसायचं म्हणजे गल्लीत हसू झालं. मामांच्या ते कानावरही गेलं नसेल. त्यांचे कान दुसरीकडे होते.

मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही. माझ्या सुनांना विचारा. पण त्या माणसाचं तळणं बघताना मी काखेतली घागर खाली ठेवायची विसरायची. घोसाळ्याच्या चकत्या पानासारख्या पातळ कापायचे आणि जुन्या धोतरावर पसरून एकेक टिपायचे. डाळीच्या पिठात मूठभर तांदळाचं पीठ, वर कडकडीत तेलाचं मोहन. पीठ कालवलं की थांबणं नाही. चकती तेलात गेली की मामा मान तिरकी करून बसायचे. तेल आधी ओरडायचं, मग कुजबुजायला लागायचं. कुजबुज बारीक झाली की झारा आत. रंग बघायचे नाहीत. ती भजी चावली की आमच्या माजघरात ऐकू यायची. मऊ भज्याला मामा म्हणायचे, "वलं खोगीर."

मीठ मात्र घालायचे नाहीत. मीठ लागलं की घोसाळ्याला पाणी सुटतं आणि भजं मरतं, असा त्यांचा हिशेब. ज्याला हवं त्याने ताटलीतली चिमूट लावून घ्यावी. माझ्या सासूबाई कोडोलीच्या. त्यांना हे सोसायचं नाही.

"भावजी, बिनमिठाचं भजं म्हंजी बिननवऱ्याची वरात की वो."

"वैनी, वरात तुमी न्या. भजी माजी हायत."

एका संध्याकाळी मामा परड्यात लाकूड फोडायला गेले. आम्ही दोघी चुलीपाशी. सासूबाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि मूठभर मीठ घेतलं. थोडं चकत्यांवर, उरलेलं पिठात.

"आत्या, मामा काय म्हणतील?"

"काय म्हणत्यात? बोटं चाटत खातील."

लाकूड ओलं निघालं. मामा परत येऊन चूल फुंकून तेल तापेपर्यंत चकत्या पाण्यात पोहत होत्या. मामांनी त्या टिपल्या, पण आतलं पाणी काही टिपलं जात नाही. पहिला घाणा पडला आणि मामांची मान वर आली. "आज ह्याला काय झालंय?" म्हणाले. तेल नुसतं गुरगुरत होतं. तरी पहिला घाणा गरम गरम मामींनाच जायचा, तसा गेला. मामींनी पडल्या पडल्या एक भजं तोंडात घातलं. मामांनी त्यांच्या गालाशी कान नेला.

काहीच आवाज नाही.

मामा सरळ झाले. त्यांनी पिठात बोट बुडवून जिभेला लावलं. मग आमच्याकडे बघितलं. बिथरलेल्या घोड्याला एका हाताने धरणारा माणूस तो. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघी दाराकडे सरकायला लागलो.

तेवढ्यात मामींनी भजं तोंडातून काढून ताटलीत टाकलं. कोपरावर जोर देऊन त्या उठून बसल्या.

"आवं, ही काय भजी म्हनायची?" त्या म्हणाल्या. आवाज गंजलेल्या कडीसारखा. "निस्ता चिखल झालाय. कालची कशी कडक हुती. मन कुठं हाय तुमचं?"

मामा तसेच उभे राहिले. झाऱ्यातून तेल जमिनीवर ठिबकत होतं.

"काय म्हनलीस?"

"मऊ झाल्यात म्हनलं. ऐकू येत न्हाई व्हय? दुसरी करा."

आमचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. मामांनी वळून सासूबाईंकडे बघितलं. हात जोडायचे होते की काय कोण जाणे, झारा हातात होता, तो तसाच वर उचलला.

"जाऊ नका वैनी," ते म्हणाले. "बसा की जरा. ती बोलतीया."