हनोखभाऊंचं मीटर

ब्लडप्रेशर तपासायला गेलेला माणूस दंड पुढे करतो. हनोखभाऊ आधी मशीन हातात घ्यायचे, उलटंसुलटं करायचे आणि कुपातल्या, म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्सला विचारायचे, "हे शेवटचं कधी तपासलं?" ती बिचारी हिब्रूत काहीतरी पुटपुटायची. मग हे तिच्याच दंडाला पट्टा बांधून तिचं प्रेशर बघायचे. ते वाढलेलंच असायचं. वाढेल नाही तर काय होईल!

हा प्राणी अश्दोदला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि कामालाही माझ्याच कारखान्यात होता. संत्र्याचा रस काढायचा कारखाना. मी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर, भाऊ बाहेर टाक्यांत आणि वायरींत. मूळचे अलिबागकडचे, नोकरी मुंबईच्या गिरणीत केलेली, आणि इस्रायलला येऊन जन्म गेला तरी बोली तिकडचीच.

टाकीत रस किती आहे ते टाकीवरचा सेन्सर सांगतो. तो वायरीतून अगदी बारीक करंट पाठवतो, कंट्रोलर तो मोजतो आणि आकडा माझ्यासमोर येतो. एवढं सरळ काम. पण आकडा नाचायला लागला की मी ओरडायची, "भाऊ, तीन नंबर बघा हो!" त्यावर ते म्हणणार, "स्क्रीन सांगते ती ऐकीव गोष्ट, रिव्का. आधी वायर सोडायची." मग एक वायर सोडून मध्ये मीटर लावायचं आणि केबलवर हात फिरवत टाकीपासून माझ्या खोलीपर्यंत चालत यायचं. वाटेत कुणी नमस्कार केला तरी उत्तर नाही.

एकदा असं झालं, पंप सुरू झाला की आकडा उड्या मारायचा. भाऊंनी सकाळपासून केबल चाचपली आणि दुपारी गरजतच आत आले. "सापडलं! केबलच्या जाळीचं अर्थिंग दोन्ही टोकांना केलंय! एकाच टोकाला करायचं असतं. कोण गाढव हाय तो?"

आमचा रशियन फोरमन शांतपणे म्हणाला, "गेल्या आठवड्यात तूच केलंस."

भाऊंनी आतल्या टोकाचा स्क्रू पिळून बघितला. मग म्हणाले, "गाढव असला तरी स्क्रू चांगला आवळलाय हां."

दुसऱ्या एका दिवशी स्क्रीन म्हणत होती टाकी भरली. भाऊ म्हणाले, सिग्नल खोटा. टाकीखाली बसून मीटर लावलं तर तेही म्हणालं भरली. तर हे मीटरलाच शिव्या देऊ लागले! तेवढ्यात वरून रसाची धार थेट टकलावर. त्या संध्याकाळी दिनावहिनींनी नवऱ्याला दारापासून न्हाणीपर्यंत वर्तमानपत्रांवरून चालवत नेलं. हसून हसून वहिनींच्या पोटात दुखायला लागलं होतं.

पुढच्या वर्षी खरंच दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. भाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मशीन बघितलं मी. जुनं हाय. असल्या मशीनचं काय खरं?" हसू येण्याजोगंच बोलले ते, पण मला काही हसता आलं नाही. दुसऱ्या मशीनवर बघायचं त्यांनी ठरवलं. ते रीडिंग चांगलं आलं तर एलियाहू हन्नबीचा मलिदा करीन, असा आम्हा बेने इस्रायल ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे त्या संदेष्ट्याला नवसही बोलले.

तेल अविवला वहिनी मुलीबरोबर, इलानाबरोबर गेल्या. "तुम्ही तिथे मशीनशी भांडत बसाल," म्हणून नवऱ्याला घरी ठेवलं. संध्याकाळी परत आल्या त्या हसतच. पहिलं मशीन चुकलं, साधी गाठ आहे, गोळ्यांनी जाईल.

भाऊंनी घर डोक्यावर घेतलं. येत्या गुरुवारीच मलिदा! सगळे नातेवाईक आले. मी स्वयंपाकघरात वहिनींना खोबरं किसून देत होते. गूळ कालवलेल्या पोह्यांच्या परातीत हात घालून वहिनी हळूच म्हणाल्या, "रिव्का, तिकडेही तेच निघालं गो. हाताबाहेर गेलंय म्हणाले. ह्यांना नको सांगूस. नवस फेडू दे त्यांना." मी किसणी खाली ठेवली.

बाहेर प्रार्थना झाली. बायका ताटं भरायला लागल्या. भाऊ दिसेनात म्हणून बघितलं, तर गच्चीत एकटेच, कठड्याला टेकून उभे. मला वाटलं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. मीच म्हणाले, "काय भाऊ, तेल अविवच्या डॉक्टरला फोन करून मशीनची चौकशी केली असेलच!"

"नाय केली."

"तुम्ही? नाही केली?"

"नंबर हाय माझ्याकडे." ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. "इलाना कधी माझ्याशी मराठीत बोलते काय गो? मी मराठीत विचारायचं, तिने हिब्रूत सांगायचं, लहानपणापासून तसंच. तेल अविवहून आली त्या दिवशी माझा हात धरला आणि म्हणाली, 'बाबा, आई बरी होणार.' मराठीत. तेव्हाच समजलो."

माझे डोळे भरून आले. "मग वहिनींना सांगा ना. एकट्याने किती दिवस सोसणार?"

"काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा दिना माझ्याशी खोटं बोलली. किती घाबरत बोलली असेल! तिला वाटतंय मी खुशीत हाय, म्हणून ती खुशीत हाय. असू दे तशीच."

आतून वहिनींची हाक आली, "अहो, ताट वाढलंय!"

"आलो, आलो!" भाऊंनी बाहीने तोंड पुसलं आणि आत जाऊन वहिनींच्या शेजारी बसले. मला समोरून दिसत होतं. एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर कसाबसा ढकलत होते. ताट संपलं तसं त्यांनी ते पुन्हा पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिना, वाढ अजून. आज भूक लागलीय मला."

आणि वहिनी, इतक्या खूश होऊन, वाढत राहिल्या.