साडूंच्या धमन्या

"चोपन्न!" साडूभाऊ फोनवर ओरडले. "माझं वय साठ आणि धमन्या चोपन्नच्या! दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधतात, ठोका किती वेगानं पुढं जातो ते मोजतात. धमनी ताठ झाली की ठोका पळतो. आपल्या अजून मऊ! हृदयाला पुढं धोका किती, ते आधीच कळतं."

फोन स्पीकरवर होता. शिंपीकाम करणाऱ्या मास्टरांनी कोटाला लावायची टाचणी स्वतःच्या बोटात खुपसली.

"बघा, नाहीतर तुम्ही," बायको म्हणाली.

झालं! या एका वाक्यावर मास्टर तीस वर्षं जळत होते. साडूंचं घर मोठं, साडूंचे केस काळे, आणि आता मेल्या धमन्यासुद्धा तरुण!

दुसऱ्याच दिवशी ते तपासणी केंद्रात हजर झाले. नोंदवहीत वरच्याच ओळीत साडूंचं नाव होतं, उंची पाच फूट आठ. मास्टरांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी आपली उंची ठोकून दिली, पाच फूट नऊ.

टेक्निशियन बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. तसा फार वेळ लागला नाही. "मोजू का?"

"बाई, आयुष्य गेलं लोकांची मापं घेण्यात. मला माझं ठाऊक नसेल?"

निकाल आला. वय अठ्ठावन्न, धमन्या सहासष्टच्या.

बायकोनं धसकाच घेतला. घरातलं मीठ गेलं, तळण गेलं, आणि जे व्हायला नको तेच झालं. तिनं भाऊजींना साकडं घातलं. साडूभाऊ रोज सकाळी सहाला दारात! "चला, पाय उचला!" अख्ख्या गल्लीदेखत ते पुढं आणि मास्टर मागं. वर दुकानात येऊन गिऱ्हाइकांना सांगायचे, "जपा हो यांना, धमन्या सहासष्टच्या आहेत." त्यातल्या दोघांनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. न जाणो, मास्टर मध्येच आटोपले तर?

महिन्यानं तिघंही पुन्हा केंद्रात गेले. आकडा आला पासष्ट. बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

"एवढं करून एकच वर्ष?" बाई विचारात पडल्या. "उंची बरोबर आहे ना? हृदयापासून घोट्यापर्यंतचं अंतर मशीन उंचीवरून काढतं. अंतर जास्त धरलं तर वेगही जास्तच निघणार."

मास्टरांना घाम फुटला. बोलावं तर साडूंपुढं नाक कापलं जाणार. गप्प बसावं तर जन्मभर अळणी जेवण आणि सकाळी सहाला साडू! शिवाय बायको रडत होती, ते वेगळंच.

"पाच चार," ते भिंतीला म्हणाले.

"किती?"

"पाच फूट चार!"

"अहो, मग पाच नऊ कुणाची?" बायकोचं रडं थांबलं. साडूभाऊ पोट धरून हसायला लागले.

बाईंनी उंची दुरुस्त केली. धमन्या एकोणसाठच्या! मास्टरांनी देवाचे आभार मानून घरी जायला हवं होतं. पण ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं.

"हसताय काय? तुमच्या पँटी मी शिवतो! म्हणे पाच आठ! बाई, यांचे बूट उतरवा आणि मोजा, आत्ताच्या आत्ता!"

साडूभाऊ नाही-नाही म्हणत अनवाणी उभे राहिले. पाच फूट पाच! त्यांचं तोंड एवढंसं झालं. मास्टरांना महिन्याभराच्या अळणी जेवणाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

बाईंनी ती उंचीही मशीनमध्ये भरली. "अहो, तुमच्या धमन्या चोपन्नच्या नाहीतच!"

"मी म्हणत नव्हतो?" मास्टर ओरडले.

"पन्नासच्या आहेत."

बायकोनं तिथूनच बहिणीला फोन लावला. साडूभाऊंनी मास्टरांना कडकडून मिठी मारली. "साडूभाऊ, तुमच्यामुळं चार वर्षांनी लहान झालो हो!"

बाई मनानं चांगल्या. त्यांनी पट्टे पुन्हा उचलले. "मास्टर, खात्रीसाठी तुमचं परत एकदा मोजू या का?"

"नको," मास्टर दात आवळून म्हणाले. "आत्ता नको. आत्ता शंभरच्या निघतील."