उशीचं माप

आमची ही आठव्या महिन्यात होती. एका संध्याकाळी माझ्याकडून पाय चेपून घेता घेता तिने विचारलं, "अहो, मला बाळाला अंगावर पाजायला जमेल ना?"

ही शाळेत शिकवते. तयारीशिवाय एक तास घेत नाही. पण तिच्या थोरल्या बहिणीला पाजायला जमलं नव्हतं आणि तिची रडारड हिने जवळून पाहिली होती. तेव्हापासून ते भूत हिच्या मानगुटीवर. अशा वेळी शहाणा नवरा बायकोला जवळ घेऊन धीराचे दोन शब्द बोलतो. मी म्हणालो, "मी तुला उशी शिवतो." (मी सोफे बनवतो. समोरचं माणूस रडवेलं झालं की माझा हात आपोआप टेपकडे जातो.)

पाजताना कमरेभोवती घेतात ना, ती अर्धगोल उशी! लगेच हिला उभी करून कमरेचं माप घेतलं. आत ऑफिसच्या सोफ्याचा कडक फोम भरला, वर्षानुवर्षं न दबणारा. वरून चॉकलेटी रेक्झिन, दातांच्या दवाखान्याच्या खुर्च्या करून उरलेलं. दूध सांडलं तरी फडकं मारलं की झालं! मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये भावी आईबाबांचा वर्ग होता. मी उशी काखोटीला मारून गेलो. सिस्टरांनी कापडी बाहुली उंच धरून विचारलं, "कोण करून दाखवतंय?"

बायका लाजल्या. ही माझ्यामागे लपली. मग मीच उठलो आणि उशी कमरेला चढवली. (म्हणजे पोट आत घेऊन ढकलली.)

"तुम्ही वाकू नका हो," सिस्टर म्हणाल्या. "टेकून बसा, बाळाला वर आणा. पोटाला पोट लागू दे. आता त्याने तोंड मोठं उघडलं की जवळ घ्यायचं."

"सिस्टर, उघडत नाहीये."

"बाहुली आहे ती!"

तेवढ्यात बाहुली रेक्झिनवरून सुळ्ळकन घसरली आणि थेट बाकाखाली गेली.

सिस्टरांनी उशी निरखली. "माप कुणाचं घेतलंत?"

"हिचं. गेल्याच आठवड्यात."

"आणि बाळंतपणानंतर पोट एवढंच राहणार का त्यांचं?"

सगळा वर्ग आधी हिच्या पोटाकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघायला लागला. त्यात उशी निघेना. दोन होणाऱ्या बाबांनी दोन बाजूंनी ओढून मला सोडवलं. ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कित्येक दिवसांनी तिला असं हसताना पाहून मला फार बरं वाटलं.

"हसले खरी," घरी येताना ती म्हणाली. "पण भीती काही गेली नाही हो."

यथावकाश मुलगी झाली. आवाज थेट माझ्या सासूबाईंचा. पाजायला घेतली की डोकं इकडेतिकडे फिरवायची, तोंडात धरायची, सोडायची आणि टाहो फोडायची. ही बिचारी तिच्यावर पार वाकलेली.

"बघा, म्हटलं होतं ना? मला नाही जमत," म्हणून हीसुद्धा रडायला लागली.

सिस्टर दुसऱ्या खोलीत अडकल्या होत्या. माझा हात खिशाकडे गेला. टेप घरी राहिली होती. मग बोलण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही.

"अगं, तू वाकू नकोस. टेकून बस." मी टॉवेलची घडी हिच्या हाताखाली सरकवली. "तिला वर आण. पोटाला पोट. घाई नको, तोंड मोठं उघडू दे... हं, आता घे."

पोरीने उघडलं. (बाहुलीपेक्षा पुष्कळच समजूतदार.) खोली एकदम शांत झाली. मग घोट गिळल्याचा बारीक आवाज आला.

"अहो, पितेय," ही कुजबुजली.

मी 'हो हो' म्हणत शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्या दिवशी तिघांत जास्त कोण रडलं, हा विषय आमच्या घरात काढायचा नाही असं ठरलं आहे.

हिचं आजही टॉवेलच्या घडीवरच छान चाललं आहे. उशी तिच्या कमरेला आता नुसती गोल फिरते. मी ती माळ्यावर टाकायला निघालो, तर ही म्हणाली, "राहू द्या. पाजायचं काम माझं, ढेकर काढायचं तुमचं."

मला मात्र उशी अगदी मापात बसते. काल सिस्टर बाळाला बघायला घरी आल्या, तेव्हा दार मीच उघडलं. खांद्यावर लेक, कमरेला उशी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "लगेच दुसऱ्यांदा? कितवा महिना?"