टोकेचा काटा

बाळाचं वजन गेल्या महिन्यात कमी भरल्यापासून रोस्मानियारच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पेज, अंडं, कुस्करलेलं केळं, नदीतला मासा, सगळं तिने फिकारच्या तोंडात कोंबून पाहिलं. सासू म्हणायची, "मांड्या बघ त्याच्या. हा उपाशी असेल तर मी नवरी आहे." पण रोस्मानियार कॉलेजात शिकलेली, तिचा विश्वास मांड्यांवर नव्हता, काट्यावर होता.

काटा मात्र टोकेचा होता. गावातल्या तेलताडाचे घड विकत घेऊन गिरणीला विकणाऱ्या दलालाला तिथे टोके म्हणत; या टोकेचं नाव बासरी. बाळं तोलायचा सरकारी काटा मोडल्यापासून टोके आपला लोंबता काटा सुईणबाईंना देई. वर म्हणे, तेवढंच पुण्य.

या महिन्यात मात्र लुंगीच्या झोळीतला फिकार एवढा भरला, की सुईणबाईंनी आधी त्याची पावलं दाबून पाहिली. सूज नव्हती. रोस्मानियार आनंदाने रडायच्या बेतात होती, तेवढ्यात शेजारच्या मार्लिसची मुलगी तोलली गेली. तीही मस्त भरली. आठवडाभर तिला हगवण लागलेली सगळ्या आळीला ठाऊक होतं.

रोस्मानियारने डोळे पुसले आणि वर पाहिलं. काट्यावर कोराकरकरीत शिक्का चमकत होता. दलालांनी नोंदणी करायची, काटा तपासून घ्यायचा, असा नवा नियम आला होता. तपासनीस साहेब टोकेच्याच ओसरीवर तळलेली केळी खात बसले होते. ती बाळाला कडेवर घेऊन तिथे गेली.

"साहेब, काटा आज बरोबर आहे ना?"

"सकाळीच तपासला. अगदी चोख."

"मग गेल्या महिन्यात माझं पोर निम्मं कुठे होतं?"

टोके घाईने म्हणाला, "आईचं दूध, वहिनी. त्याची बरोबरी कशालाच नाही."

सासू मागून आलीच होती. "हो का रे बासरी? मग आमच्या घडांनाही पाजायला हवं होतं."

साहेबांनी हातातलं केळं बशीत ठेवलं. टोकेची नोंदणी तिथेच अडकली आणि सुईणबाईंना नवा सरकारी काटा मंजूर झाला. टोकेने काटा पुन्हा बिघडवू नये म्हणून, गावात तपासणीची प्रमाणित वजनं येईपर्यंत दर तोलाआधी सुईणबाईंच्या नव्या काट्यावर तोललेली एखादी वस्तू टोकेच्या काट्यावर टांगायची, वजन जुळलं तरच घड घ्यायचे, असं ठरलं. वस्तू कोणती, यावर गावाने फार डोकं चालवलं नाही.

पुढच्या तोलाला सुईणबाईंकडून फिकार थेट टोकेच्या अंगणात आला. वाटेत त्याने झोळी ओली केली होती. टोकेचा चेहरा उतरला.

"वहिनी, हा आता कमी भरेल आणि नाव माझं खराब होईल. काही खाल्लंय का याने?"

उत्तराची वाट न बघता त्याने घरातून केळं आणलं, मांडी घालून बसला आणि फिकारला घास घास भरवू लागला.

रोस्मानियार ओसरीवर टेकली. कितीतरी दिवसांनी तिने चहा गरम असताना प्यायला.